जहाजाआधीचे पाच दिवस

आईवडिलांची पंचाहत्तरी जवळ आली की घराघरांत एकच खल सुरू होतो. हॉल घ्यायचा की घरीच करायचं, पाऊणशे दिव्यांनी कोण कोण ओवाळणार, पैठणी घ्यायची की सोन्याच्या पाटल्या, जेवणाचं कंत्राट कोणाला द्यायचं. ज्या माणसासाठी हे सारं चाललेलं असतं, त्याला काय हवं ते बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही. आमच्या आईला विचारण्याची वेळच आली नाही. तिनं सहा महिने आधीच बजावून ठेवलं होतं, "हॉलबिल काही नको. मला एकदा बोटीत बसवा."

आईचं माहेर दापोली तालुक्यात, हर्णै बंदराजवळ. तिच्या लहानपणी मुंबईला जायचं म्हणजे बोटीनंच. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती समोर सुवर्णदुर्गाच्या बाजूला खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सारं पडावातून तिच्यापर्यंत न्यायचं. लाटा मोठ्या असल्या की खलाशी पोरांना खांद्यावर घेऊन पडावात ठेवत. १९६९ मध्ये लग्न होऊन आई इंदूरला आली आणि समुद्र तिच्या आयुष्यातून संपला. पुढे कोकणातल्या त्या प्रवासी बोटीही बंद पडल्या.

म्हणून आम्ही भावंडांनी मिळून मुंबई-गोवा-मुंबई अशा क्रूझची दोन तिकिटं काढली. डिसेंबर २०२३ मधली, तिच्या वाढदिवसाच्या आठवड्यातली. गोवा तिनं कधी पाहिलाच नव्हता. १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तो पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि नंतर जायचं राहूनच गेलं. जहाज शुक्रवारी सुटणार होतं. मी हैदराबादहून इंदूरला गेले आणि रविवारी संध्याकाळच्या अवंतिका एक्सप्रेसनं आम्ही दोघी मुंबईला निघालो.

इतक्या लवकर का, असं सगळ्यांनीच विचारलं. पंचाहत्तरीच्या माणसानं रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच जहाजावर चढू नये, हे एक कारण. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, हे दुसरं. तिसरं कारण मात्र थोडं नाजूक होतं.

दादाचा फोन

बाबा २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून आई इंदूरच्या घरात एकटी राहते. पुण्याला असलेल्या दादाचं म्हणणं होतं की आता पुरे झालं. घर विकावं आणि आईला पुण्याला न्यावं. त्याच्या काळजीला कारणंही होती. आई वर्षभरापासून संध्याकाळची घराबाहेर पडेनाशी झाली होती. भजनाला जात नव्हती, महाराष्ट्र मंडळींच्या कार्यक्रमांना जात नव्हती. दादा इंदूरला गेला की तिला रात्री दोन-तीन वेळा घरात फिरताना बघायचा. "आई खचली आहे गं, बाबांच्या आठवणीनं तिला झोप लागत नाही," असं तो म्हणे. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला, "हे आठ दिवस तू तिच्याबरोबर आहेस. नीट लक्ष ठेव. ती एकटी राहू शकते की नाही ते आल्यावर सांग. मग ठरवू."

मी हे आईपासून लपवलं नाही. गाडीनं उज्जैन सोडल्यावर थालीपीठ आणि लोणच्याचा डबा उघडला आणि दादा काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगून टाकलं. आईनं घास संपवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "म्हणजे आठ दिवस मी परीक्षेला बसलेय म्हण की."

"हो."

"पेपर अवघड काढू नकोस."

एवढं बोलून ती खालच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपली. पण तिला झोप लागलेली नाही हे मला कळत होतं. तिच्यासाठी हा नुसता प्रवास नव्हता. चोपन्न वर्षांचं घर पणाला लागलेलं होतं.

खुर्चीत बॅग

मुंबई सेंट्रलची एक सोय चांगली आहे. गाडी तिथेच संपते, त्यामुळे पूल न चढता फलाटावरून सपाटीनं बाहेर पडता येतं. तरी फलाट लांब आणि आईचे गुडघे दुखरे, म्हणून मी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. खुर्ची घेऊन हमाल दारात उभा राहिलेला बघताच आईचा चेहरा बदलला.

"हे कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. बाहेरपर्यंत फार चालायचंय."

"मग बॅगा ठेव तिच्यात. मी चालते."

हमालानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. आमच्या दोन बॅगा खुर्चीत बसल्या आणि आई त्यांच्या शेजारून एक हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवून चालू लागली. त्या दांड्याचा तिला चांगलाच आधार झाला. अर्ध्या वाटेवर ती दोन मिनिटं थांबली. मी काही बोलले नाही. बाहेर आल्यावर हमालाशी पैशांची घासाघीस तिनंच केली आणि ठरल्यापेक्षा दहा रुपये जास्त देऊन टाकले.

राहायला मी गिरगावात एक साधं हॉटेल घेतलं होतं. दादरला आईची मामेबहीण राहते. "सख्खी माणसं असताना हॉटेल कशाला," असं आईचं म्हणणं होतं. पण मामेबहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. हॉटेलला लिफ्ट होती, संडास कमोडचा होता आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मधे पायरी नव्हती. वयस्क माणसाबरोबर जाताना खोलीतून समुद्र दिसतो का, याआधी ह्या तीन गोष्टी फोनवर विचारून घ्याव्यात. मामेबहिणीलाच आम्ही जेवायला बोलावलं. दोघी दुपारभर पलंगावर पाय पसरून बोलत बसल्या.

टिकल्यांची युक्ती

त्या रात्री आईनं औषधांची पिशवी काढली तेव्हा मी शेजारी बसले. गोळ्यांच्या प्रत्येक पाकिटावर टिकली चिकटवलेली होती. लाल टिकली सकाळची, हिरवी रात्रीची आणि काळी उपाशीपोटी घ्यायची.

"ही युक्ती कोणाची?"

"माझीच. त्या चांदीवरची बारीक अक्षरं कोण वाचत बसणार?"

मला तिचं कौतुक वाटलं. वाचता येत नाही म्हणून ती कोणावर अवलंबून राहिली नव्हती, तिनं स्वतःची व्यवस्था लावली होती. मग मी चष्मा लावून एकेक पाकीट डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहिलं. पाच बरोबर निघाली, एक चुकीचं. रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी चिठ्ठीत सकाळी लिहिलेली होती आणि तिच्यावर हिरवी टिकली होती. टिकली कधीतरी गळून पडली असावी आणि परत लावताना रंग बदलला असावा.

सकाळी इंदूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ती गोळी सकाळीच घ्यायची. रात्री घेतली तर माणूस लघवीसाठी सारखा उठणारच. मंगळवारपासून ती सकाळी सुरू केली. बुधवारी रात्री आई एकदाच उठली, गुरुवारी तेवढीही नाही. दादा ज्याला बाबांच्या आठवणीतलं जागरण समजत होता, त्याचं बरंचसं उत्तर एका टिकलीत होतं. आठवण येत नसेल असं मी म्हणत नाही. पण तीन वेळा उठवणारी गोष्ट निराळीच होती.

ठाकुरद्वारच्या नाक्यावर

मंगळवारी सकाळी आई म्हणाली, "चल, तुला मामाची खोली दाखवते." कोकणातून बोटीनं आलं की तिचा मुक्काम गिरगावात मामाकडे असायचा. मी फोनवर नकाशा उघडला. ती म्हणाली, "ते राहू दे."

ठाकुरद्वारच्या नाक्यावर तेव्हा मेट्रोच्या कामाचे पत्रे ठोकलेले होते. रस्त्याचं मूळ रूप दिसतच नव्हतं. आई क्षणभर थांबली, मग पत्र्यांच्या कडेनं वळून एका गल्लीत शिरली. कोणाला विचारलं नाही, मागे वळली नाही. दोन वळणं घेऊन ती एका जागी उभी राहिली. समोर काचेचा दर्शनी भाग असलेली उंच इमारत होती.

"इथंच," ती म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर. बारा बाय दहाच्या खोलीत आम्ही चौदा जण झोपत होतो."

मला वाटलं तिला वाईट वाटेल. पण तिनं वर बघत मजले मोजले आणि म्हणाली, "चला, निदान लिफ्ट तरी झाली." मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून आम्ही मिसळ खाल्ली. बिल आलं तेव्हा दोनच्या जागी चार चहा लावलेले होते. ते माझ्या आधी आईच्या लक्षात आलं. रात्री तिनं वहीत दिवसाचा हिशेब लिहिला, रुपया न रुपया बरोबर. ओळी मात्र वर-खाली गेल्या होत्या आणि अक्षर पूर्वीच्या दुप्पट मोठं झालं होतं.

मी मनात नोंद केली. डोकं शाबूत आहे. वाट आठवते, पैसा कळतो, चूक पकडता येते. पण अक्षराकडे पाहायला हवं.

समुद्राची रंगीत तालीम

ज्यांना क्रूझला वयस्कांना न्यायचं आहे, त्यांना माझी एक सूचना आहे. आधी थोड्या वेळाचा समुद्रप्रवास करून बघा. एकदा मोठं जहाज निघालं की उतरायची सोय नसते. मुंबईत हे सहज जमतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च २०२० पासून गाड्या वाहून नेणारी मोठी रो-रो बोट जाते. साधारण तासाभराचा प्रवास. बुधवारी दुपारी आम्ही तिनं गेलो.

भाऊचा धक्का हे नाव घेताच आई खुलली. तिच्या कोकणच्या बोटी इथूनच सुटायच्या. धक्का बांधणारे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, हे तिला शाळेपासून पाठ. मासळीचा वास येऊ लागला तशी मी नाकाला रुमाल लावला आणि तिनं लांब श्वास घेतला. पिशवीत तिनं आवळासुपारी, लिंबू आणि ओवा आणला होता. तो माझ्यासाठी होता. "मला कधी बोट लागली नाही," ती म्हणाली, "तुझं काय सांगावं, तू इंदुरात वाढलेली." बोट लागू नये म्हणून गोळ्याही मिळतात. पण त्यांनी वयस्क माणसांना फार गुंगी येते, तोल जातो. त्यामुळे त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

बोट निघाली. आई कठड्याजवळच्या खुर्चीवर बसली. शेजारी एक खलाशी दोर गुंडाळत होता. बोलता बोलता तो श्रीवर्धनकडचा निघाला आणि आईची भाषाच पालटली. चोपन्न वर्षं इंदूरच्या हिंदीत मुरलेली तिची जीभ क्षणात कोकणात गेली. पडाव, नांगर, भरती, वारा, असे शब्द ती बोलू लागली की मी पहिल्यांदाच ऐकत होते. डेकवर सतरंजी पसरून जागा कशी अडवायची, इंजिनाजवळची ऊब थंडीत कशी मिळवायची, सारं तिनं त्याला सांगितलं. तोही काम सोडून ऐकत राहिला.

मग ती एकदम गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "रामदास ह्याच पाण्यात बुडाली." १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात सापडून बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आईच्या जन्माआधी सुमारे दीड वर्षाची गोष्ट. तिच्या आजीनं ती इतक्यांदा सांगितली होती की प्रत्येक वेळी बोटीत चढताना आई आजीचा पदर धरून ठेवायची. "भीती वाटायची," ती म्हणाली, "पण मुंबईला जायचं तर बोटीत बसायलाच हवं. भीती वाटते म्हणून घरी बसून राहिलं असतं तर शाळाही झाली नसती."

मला कळलं, ती फक्त बोटीबद्दल बोलत नव्हती.

परतीचा अंधार

मांडव्याला चहा घेऊन आम्ही संध्याकाळच्या बोटीनं परत निघालो. डिसेंबरचा दिवस, सहाच्या सुमाराला सूर्य बुडाला. धक्क्याला लागेपर्यंत अंधार झाला होता. उतरायच्या वेळी मी पुढे होते. मागे पाहिलं तर आई जागीच उभी. लोक तिला ओलांडून जात होते आणि ती पायानं चाचपडत होती, जणू समोर पाणी आहे.

"आई, फळी सरळ आहे. ये ना."

"मला दिसत नाही गं," ती हळूच म्हणाली. "ते समोरचे दिवे फुटतात."

समोर गाड्यांचे दिवे होते. मी हात धरून तिला उतरवलं. टॅक्सीत बसल्यावर तिनं सगळं सांगितलं. दीड वर्षापासून असं होत होतं. दिवसा चालतं, पण अंधार पडला की पायरी दिसत नाही आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती चांदणीसारखे किरण दिसतात. एकदा भजनाहून येताना ती स्कूटरखाली येता येता वाचली. तेव्हापासून तिनं संध्याकाळचं जाणं सोडलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुमचा दादा ट्रक घेऊन आला असता. सामान भरायला."

हे ऐकून मला हसू आलं आणि रडूही. आपली मुलं काळजीनं निर्णय घेतील आणि तो निर्णय आपल्या हातातून जाईल, ह्या धाकानं म्हातारी माणसं साधी साधी दुखणी लपवतात. मुलांना मग फक्त परिणाम दिसतो. बाहेर न पडणं, गप्प राहणं. त्याला ती उदासी म्हणतात.

गुरुवारी आम्ही कुठे फिरलो नाही. गिरगावातल्याच एका नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवीकडचा जास्त. पडदा चांगला आहे, शस्त्रक्रियेनं नजर सुधारेल, घाई नाही पण फार लांबवू नका, असं त्यांनी सांगितलं. क्रूझला खुशाल जा, फक्त अंधारात डेकवर एकट्या जाऊ नका. आपल्याकडे २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हेच आढळलं होतं, सुमारे ६६ टक्के. आणि हे असं अंधत्व आहे की शस्त्रक्रियेनं ते बहुतेक वेळा दूर करता येतं. ज्या घरांत कोणी संध्याकाळचं बाहेर पडेनासं झालं असेल, त्यांनी आधी डोळे तपासून घ्यावेत.

एका विषयात नापास

गुरुवारी रात्री दिवा मालवल्यावर आई म्हणाली, "झोपलीस?"

"नाही."

"एक राहिलंय. पेपरात नसेल तर तूच लिहून घे. गणपतीनंतर मी न्हाणीघरात पडले होते."

ती सांगत गेली. साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण गुडघ्यांमुळे उठता येईना. मोबाईल बाहेरच्या खोलीत. अर्धा तास ती फरशीवर तशीच बसून होती. शेवटी दूधवाल्यानं घंटी वाजवली, त्याच्या आवाजानं धीर आला आणि बादली पालथी घालून तिच्या आधारानं ती उठली. दूध घेतलं, पैसे दिले, दार लावलं आणि कोणाला काही बोलली नाही.

अंधारात मला तिचा चेहरा दिसत नव्हता. हे ती उजेडात सांगू शकली नसती, असं मला वाटतं. चार दिवस ती पास होत आली होती. ही एक गोष्ट लपवली असती तर मला कधीच कळली नसती. ती तिनं स्वतःहून सांगितली. का, असं मी विचारलं.

"तू गाडीत मला खरं सांगितलंस म्हणून."

मग आम्ही दोघी रात्री एक वाजेपर्यंत बोलत होतो. घर विकायचं नाही, हे तिचं पहिलं कलम. त्याबदल्यात काय काय करायला ती तयार आहे, ते एकेक ठरत गेलं. क्रूझहून परतल्यावर आधी डोळे. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला धरायला दांडे, खाली न घसरणारी फरशी. मोबाईल सतत गळ्यात. वरची खोली रिकामी पडली आहे, ती शिकणाऱ्या दोन मुलींना भाड्यानं द्यायची, म्हणजे रात्री घरात माणूस राहील. पावसाळ्याचे दोन महिने दादाकडे. "आणि त्याला सांग," ती म्हणाली, "ज्या दिवशी मला हिशेब लिहिता येणार नाही, त्या दिवशी मीच पुण्याचं तिकीट काढीन."

सकाळी दादाला फोन मीच लावला, पण बोलली आई. मी बॅगा भरत होते. त्याचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. आईचं एवढंच ऐकू आलं, "अरे, रडतोस काय वेड्यासारखा. मला उशीर होतोय. बोट सुटेल."

बॅलार्ड पियरवर

जहाजावर जायच्या दिवशीची थोडी माहिती देते, कारण ती आम्हाला उपयोगी पडली. देशांतर्गत क्रूझला पासपोर्ट लागला नाही, सरकारी ओळखपत्र पुरलं. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतल्या जातात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. म्हणून औषधं, चष्मा, एक जोडी कपडे आणि ओळखपत्र हातातल्या पिशवीतच ठेवावं. केबिन शक्यतो खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधल्या भागातली मागावी. तिथं हेलकावे कमी जाणवतात. जहाजावरच्या न्हाणीघराला बहुधा उंबरा असतो, तो पहिल्याच दिवशी दाखवून द्यावा.

बॅलार्ड पियरला रांग लांबच लांब होती. मी काही बोलायच्या आत आईनं एका कर्मचाऱ्याला हाक मारली, "अहो, चाकाची खुर्ची आहे का हो?" खुर्ची आली. ती तिच्यात बसली, पिशवी मांडीवर घेतली. माझ्याकडे बघून म्हणाली, "दमायला थोडीच आलेय मी? बसून जाऊ या."

मुंबई सेंट्रलला बॅगा बसवणारी बाई इथं स्वतः बसली. चार दिवसांत तिचे गुडघे काही जास्त दुखू लागले नव्हते. आता खुर्चीत बसलं तर कोणी त्याचा निकाल लावणार नाही, हे तिला कळलं होतं, एवढाच फरक.

जहाजावर आधी सगळ्यांना सुरक्षेची माहिती देतात. लाइफ जॅकेट कसं घालायचं, भोंगा वाजला की कुठं जमायचं. आजूबाजूची तरुण मुलं हसत होती, फोटो काढत होती. आई एकटी कान देऊन ऐकत होती. पट्टा कसा आवळायचा हे तिनं दोनदा विचारून घेतलं.

क्रूझचे दिवस छान गेले. केक कापला, मुरगावला उतरून गोवा पाहिला. त्याबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण तसं वर्णन तुम्ही वाचलेलं असेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये आईच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, महिन्याभरानं डाव्याची. न्हाणीघरात दांडे दादानं स्वतः उभं राहून बसवून घेतले. वरच्या खोलीत नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली राहायला आल्या. त्या आईला आजी म्हणतात आणि आई त्यांच्याकडून महिन्याच्या एक तारखेला भाडं मोजून घेते. भजन पुन्हा सुरू झालं आहे.

आईवडिलांनी कुठं राहावं, हा प्रश्न आज बहुतेक घरांत आहे. तो फोनवरून किंवा दोन दिवसांच्या धावत्या भेटीत सोडवू नये. त्यांच्याबरोबर चार दिवस प्रवास करा, एका खोलीत झोपा, त्यांच्या चालीनं चाला आणि मनात काय आहे ते आधी स्वतः मोकळेपणानं सांगा. त्यांना काय जमतं आणि काय जमत नाही, हे मग तेच तुम्हाला सांगतील.